मोठ्या सेलची जागा

एस्प्लनेड स्टेशनातून वर आलो तेव्हा माझ्या खिशात एक मेलेला सेल होता. अण्णांनी नमुन्यादाखल दिलेला. "असलेच तीन आण. तिकडे भलतंच काहीतरी गळ्यात मारतील," असं बजावून. मी म्हटलं, "अण्णा, याचं माप जगभर एकच असतं, नमुना कशाला?" त्यावर त्यांनी सेल माझ्या हातात ठेवला आणि पेपर वर धरला. बोलणं संपलं.

अण्णा हिवाळ्यापुरते संगमनेरकडच्या गावाहून आमच्याकडे कोलकात्याला आलेले. बॅगेत दोन धोतरं, औषधांचा डबा आणि तीन सेलची बॅटरी. आमच्या गावाकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात, बॅटरीला सेल म्हणतात, आणि अण्णांच्या पिढीच्या तोंडी सेलला मसाला हाही शब्द आहे. 'विजेरी' हा शब्द फक्त पाठ्यपुस्तकात राहतो. रात्री उठल्यावर दिव्याचं बटण हाताशी असतानाही अण्णांना उशाशी बॅटरी लागते. ती दोन दिवसांपूर्वी पिवळी पडली आणि मग विझली.

धर्मतल्याच्या, म्हणजे याच एस्प्लनेड भागातल्या, फुटपाथवर मोबाइलची कव्हरं, पॉवर बँका, हातात धरायचे पंखे, कानात घालायची यंत्रं, सगळं होतं. मोठा सेल नव्हता. चार ठिकाणी विचारलं. चारही ठिकाणी थोड्याफार फरकाने एकच उत्तर: "बोडो ब्याटारि? नेई दादा. पेन्सिल आछे." पेन्सिल सेल हा शब्द बंगालीतही तसाच चालतो याचं मला क्षणभर बरं वाटलं. चौथ्या दुकानदाराने पुढे एक सल्लाही दिला: हे आता बंद होणार, चार्जिंगवाला टॉर्च घेऊन टाका.

बंद होणार म्हणजे नेमकं काय होणार? हा प्रश्न विचारायला एस्प्लनेडइतकी योग्य जागा दुसरी नसेल, कारण इथे बंद होणाऱ्या गोष्टी डोळ्यांसमोर बंद होतात. १९०२ साली कोलकात्याची पहिली विजेवरची ट्राम इथूनच खिदिरपूरला गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलं की एस्प्लनेड ते मैदान हा एक वारसामार्ग सोडून ट्राम बंद करायची. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये याच एस्प्लनेडहून हुगळीच्या पात्राखालून हावड्याला जाणारी मेट्रो सुरू झाली होती. चौकातच वीज कंपनीचं व्हिक्टोरिया हाउस उभं आहे. ट्राम संपवायची तर तसं जाहीर करावं लागतं. मंत्र्याला बोलावं लागतं, कोर्टात वाद होतो, लोक रुळांवर फुलं वाहतात.

मापंही अशी हुकमाने मारता येतात. आमच्या महाराष्ट्रातली बार्शी लाइट रेल्वे आठवा. १८९७ साली अडीच फुटांच्या रुळांवर सुरू झालेली ती गाडी मिरजेपासून लातूरपर्यंत पसरली, आणि देशभर एकच रुंद रूळमार्ग करायचा असं धोरण ठरल्यावर टप्प्याटप्प्याने या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर संपली. अडीच फुटांचं ते माप तिथे सरकारी निर्णयाने गेलं. त्याची तारीख सांगता येते.

मोठ्या सेलसाठी असा हुकूम कुणी काढलेला नाही. आपल्याकडे २०२२ च्या ऑगस्टमध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम आले. त्यात पारा आणि कॅडमियम किती असावं याच्या मर्यादा आहेत, वापरलेले सेल गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण सेलच्या आकाराबद्दल चकार शब्द नाही. युरोपात २०२३ चा नवा बॅटरी कायदा आहे. एकदाच वापरायचे सर्वसाधारण सेल टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे युरोपीय आयोगाने २०३० च्या अखेरपर्यंत तपासायचं, असं त्यात लिहिलं आहे. तेही 'तपासायचं', आणि तेही सगळ्या मापांसाठी. आपल्या मोठ्या सेलशी वैयक्तिक वैर कुणाचंच नाही. म्हणून दुकानदाराचं 'बंद होणार' हे भाकीत खोटं ठरतं असं मात्र नाही. मापं हुकमाशिवायही मरतात.

सेलच्या मापांची अक्षरं बघा. दुकानात एए मिळतो, एएए मिळतो, सी कसाबसा मिळतो, डी, म्हणजे आपला मोठा सेल, मिळायचा. मग ए आणि बी कुठे गेले? ते होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत मापांना ही अक्षरं मिळाली तेव्हा ए आणि बी हे सभ्य, चालते-बोलते सेल होते. त्यांना कुणी बंदी घातली नाही. त्यांच्या मापाची खाच असलेल्या वस्तू निघेनाशा झाल्या, एवढंच. आज बीचा सेल कुठे गेला असं कुणी विचारतही नाही. डीचा जन्म १८९८ चा, अमेरिकेतल्या नॅशनल कार्बन कंपनीतला, आणि तो हातातल्या दिव्यासाठीच झाला. सुमारे ३४ मिलिमीटर व्यास, साडेएकसष्ट मिलिमीटर उंची, दाब दीड व्होल्ट. त्याच्या शेजारच्या पेन्सिल सेलचाही दाब दीडच व्होल्ट. मोठा सेल जोरदार असतो हा आपला लहानपणीचा समज चुकीचा. तो फक्त साडेसहा-सातपट जागा घेतो आणि त्या जागेत जास्त मसाला ठेवतो, म्हणून जास्त वेळ टिकतो. मसाला हा शब्द इथे शास्त्रीयदृष्ट्या अगदी चोख बसतो: जस्ताचं भांडं, त्यात मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी, मधोमध कार्बनची कांडी, वर पितळी टोपी. मेलेला सेल दगडाने फोडून ती कांडी काढायची आणि भिंतीवर रेघोट्या मारायच्या, हा आमच्या पिढीचा पहिला रसायनशास्त्राचा तास होता. त्याआधी तो सेल दोन दिवस उन्हात ठेवून झालेला असायचा.

या सेलचं आणि कोलकात्याचं नातं जुनं. एव्हरेडीची भारतीय कंपनी १९३४ साली इथे स्थापन झाली, १९३९ मध्ये तिने सेलचा पहिला कारखाना याच शहरात काढला. पुढे तिचं नाव नॅशनल कार्बन झालं आणि १९५९ मध्ये युनियन कार्बाइड इंडिया. एस्प्लनेडहून चौरंगीने सरळ दक्षिणेला चालत गेलं, पार्क स्ट्रीट ओलांडला, की मिडलटन स्ट्रीट लागतो. तिथे एक नंबरच्या पत्त्यावर तिची कचेरी होती. १९८४ च्या २४ ऑक्टोबरला एस्प्लनेडहून देशातली पहिली मेट्रो सुटली. त्याला सहा आठवडेही झाले नव्हते, तेव्हा त्याच कंपनीच्या भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून वायू सुटला. खेडोपाडी घराघरात जिचा सेल होता ती कंपनी आणि भोपाळची कंपनी एकच, हे तेव्हा आमच्या गावात कुणाच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही. सेल विकत घेतला जात राहिला. १९९४ मध्ये अमेरिकी मालकाने आपला हिस्सा कोलकात्याच्याच मॅक्लॉइड रसेलला विकला, त्या पैशातून भोपाळमध्ये इस्पितळ उभं राहिलं, आणि कंपनीने पुन्हा एव्हरेडी हे नाव घेतलं. नऊच्या आकड्यातून उडी मारणारं मांजर हे तिचं जुनं चिन्ह. इंग्रजांच्या समजुतीप्रमाणे मांजराला नऊ जन्म असतात. ज्यांना एकच होता त्यांच्याबद्दल चिन्हात काही नाही.

हे सांगण्याचं कारण असं की मोठ्या सेलबद्दल नुसतं हळवं होऊन लिहिणं मला शक्य नाही. त्याचा हिशेबही भावुक होण्यासारखा नाही. साध्या झिंक-कार्बनच्या मोठ्या सेलमधून सात-आठ वॅट-तास ऊर्जा मिळते असं धरलं, तर वीजबिलातल्या एका युनिटएवढी वीज मिळवायला सव्वाशे ते दीडशे सेल लागतील. म्हणजे ज्याच्या घरी तार पोचली नव्हती तो माणूस शहरातल्या माणसापेक्षा शेकडो पटींनी महाग वीज विकत घेत होता, आणि तीही रोख पैसे मोजून. एव्हरेडीच्या एका बॅटरीचं नाव 'जीवनसाथी' होतं. असा खर्चिक साथी गरिबाला परवडत होता तो केवळ जपून वापरल्यामुळे. बॅटरी सतत चालू ठेवायची नसते, चमकवायची असते, ही शिस्त अण्णांच्या अंगठ्यात अजून आहे.

शिवाय मोठ्या सेलला मोठं ठेवणारं मूळ कारणच आता उरलेलं नाही. तारेचा बल्ब सेलमधली बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवायचा, म्हणून एवढं मोठं कोठार लागे. निळा एलईडी आला, त्यातून पांढरा झाला, निळ्याच्या जनकांना २०१४ चं नोबेल मिळालं. तोच उजेड आता जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या विजेत पडतो. त्यात लिथियमचा सेल आला. १८६५० नावाचा, नावातच माप सांगणारा: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. अंगाने आपल्या डीच्या निम्म्याहून कमी, पण पोटात जवळजवळ तेवढीच किंवा अधिक ऊर्जा, आणि ती शेकडो वेळा पुन्हा भरता येते. बॅटरीपुरतं बोलायचं तर मोठ्या सेलचा खटला इथेच निकालात निघतो.

पण मोठा सेल आता राहतो दुसरीकडेच. पुण्या-नाशकातल्या कुठल्याही न्हाणीघरात गॅस गिझरच्या पोटाखालची डबी उघडून बघा, दोन मोठे सेल आडवे झोपलेले असतात. नळ सोडला की टकटक आवाज करत ठिणगी पाडणं हे त्यांचं काम. कित्येक घरांत शेगडीच्या ठिणगीसाठीही एक असतो. ज्या घरातून बॅटरी गेली त्या घरात सेल मागच्या दाराने परत आला. आणि तो फार छान नोकरी करतो: महिनोन्‌महिने कुणी ढुंकून पाहत नाही. अशा वस्तूसाठी चार्जिंग हा उपद्रव आहे. ज्याला थोडी वीज, क्वचित, पण हमखास हवी, त्याला अजून सेलच लागतो.

दुसरं गिऱ्हाईक शेतकरी. महाराष्ट्रात शेतीपंपाला आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज मिळते. रात्रीची पाळी आली की उसाला पाणी द्यायला माणूस अंधारात उतरतो. पायाखाली फुरसं किंवा घोणस असू शकते, जुन्नर-संगमनेर पट्ट्यात बांधावर बिबट्या. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली. अशा माणसाला हातातली बॅटरी म्हणजे हौस नव्हे. मात्र त्याच्या बॅटरीचं भवितव्य सेलच्या कारखान्यात ठरत नाही, वीज कंपनीच्या वेळापत्रकात ठरतं. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देशच शेतीला दिवसा वीज देणं हा आहे. ती सगळीकडे पुरती पोचली, तर मोठ्या सेलचं जेवढं गिऱ्हाईक तुटेल तेवढं कुठल्याही चार्जिंगवाल्या टॉर्चने तुटणार नाही. आणि तसं झालं तर मी पेढे वाटीन. सेलच्या प्रेमापोटी माणसाने रात्री पाणी धरावं असं म्हणणारा मी नव्हे.

मग मी रडतो आहे कशासाठी? ते सांगायला मे २०२० मध्ये जावं लागेल. वीस तारखेच्या रात्री अंफान वादळ कोलकात्यावरून गेलं. हजारो झाडं पडली, तारा तुटल्या, शहराच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. आमच्या घरी चार्जिंगचे दोन टॉर्च होते. पहिला पहिल्याच रात्री गेला. दुसरा बरेच महिने पडून होता, तो चालूच झाला नाही. मोबाइल दुसऱ्या दिवशी दुपारी मेले. तळमजल्यावरच्या वृद्ध शेजारणीकडे जुना दोन सेलचा टॉर्च होता आणि कोपऱ्यावरच्या मुदीच्या, म्हणजे वाण्याच्या, दुकानात सेल होते. आम्ही जिना त्या टॉर्चच्या उजेडात चढलो-उतरलो. नंतर मी आमचा न पेटणारा टॉर्च उघडून पाहिला. उघडता येत नव्हता, चिकटवलेला होता. चाकूने फोडला, तर आत लिथियमचा सेल दोन तारांना डाग देऊन जोडलेला. सेल संपला म्हणजे टॉर्च संपला. दिवा धड होता, भिंग धड होतं, बटण धड होतं.

मोठ्या सेलबरोबर काही जात असेल तर ते हे जातं आहे. सेल ही रसायनाची नळकांडी. ती जावी, तिच्या जागी चांगली यावी. पण डी हे नाव त्या रसायनाचं नाही. ते मोकळ्या जागेचं नाव आहे. अमुक एवढी पोकळी, एका टोकाला स्प्रिंग, दुसऱ्या टोकाला पत्रा. यात कुणाचाही सेल बसेल. बडोद्याचा नोविनो, नेल्लूरचा निप्पो, कोलकात्याचा एव्हरेडी, चीनचा कुठलाही. कंपन्या एकमेकींचा गळा धरत असल्या तरी त्या पोकळीपुरतं त्यांचं एकमत होतं. गिऱ्हाइकाची सगळी ताकद त्या एकमतात होती. टॉर्च एकाचा, सेल दुसऱ्याचा, बल्ब तिसऱ्याचा, आणि दुरुस्ती बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसणाऱ्या चौथ्याची.

आतला माल बदलला म्हणून जागा बदलावीच लागते असं नाही, याचा पुरावा आपल्या प्रत्येकाच्या छताला लटकतो आहे. दोन पिनांचा बल्बचा होल्डर इंग्रजांच्या काळातला. त्यात तारेचा बल्ब होता, मग सीएफएल आला, मग एलईडी. २०१५ पासून उजाला योजनेत छत्तीस कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले, आणि बल्ब बदलायला कुणाला वायरमन बोलवावा लागला नाही. जुन्या होल्डरमध्ये नवा बल्ब दाबून फिरवला, झालं. एवढा मोठा बदल इतक्या शांतपणे झाला तो त्या दोन पिनांमुळे. प्रत्येक कंपनीने एलईडीसाठी आपापला होल्डर काढला असता तर?

टॉर्चच्या बाबतीत नेमकं तसं झालं आहे. वास्तविक डीच्या पोकळीत नवं काहीही बसवता येतं. पुन्हा चार्ज होणारे डी सेल मिळतात. त्यातले स्वस्त असतात त्यांच्या आत बऱ्याचदा लहानच सेल असतो, थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखा. पेन्सिल सेल आत सरकवायच्या प्लॅस्टिकच्या नळ्याही मिळतात. १८६५० हेसुद्धा सर्वांचं माप आहे, चांगल्या टॉर्चमध्ये तो काढता-घालता येतो. प्रश्न तंत्राचा नाहीच. स्वस्त टॉर्च सीलबंद केला जातो कारण सीलबंद टॉर्च पुन्हा विकता येतो.

यावर बनवणाऱ्यांची बाजू आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. सीलबंद टॉर्चमध्ये पाणी शिरत नाही. लिथियमचा सेल उलटा बसवला किंवा भलत्या चार्जरला लावला तर पेट घेऊ शकतो. झाकण, स्प्रिंग, आटे यांचे चार पैसे वाचतात म्हणूनच तो टॉर्च इतका स्वस्त मिळतो. मान्य. पण पाणी रबराच्या कड्याने अडतं, पाणबुड्यांचे टॉर्च उघडता येतातच. आणि स्वस्ताईचं म्हणाल तर वर्षा-दीड वर्षाने टाकून द्यावा लागणारा टॉर्च स्वस्त कसा? अण्णांची बॅटरी माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली आहे, आणि त्या बहिणीला आता सून आली.

युरोपच्या त्याच कायद्यात दुसरंही एक कलम आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं: १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली छोटी बॅटरी, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. एका हाताने एकदाच वापरायच्या सेलवर प्रश्नचिन्ह, दुसऱ्या हाताने काढण्याघालण्याच्या जागेला संरक्षण. रसायन आणि पोकळी यांतला फरक त्या कायदा लिहिणाऱ्यांना नीट कळलेला दिसतो. आपल्याकडे २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारं होती, मोबाइल होते, फ्रिजसारख्या घरगुती वस्तू होत्या, मोटारी होत्या. टॉर्च इतका किरकोळ की त्याच्यासाठी कोण समिती नेमणार? पण जो माणूस मोबाइलच्या दुरुस्तीसाठी भांडत नाही, त्याच्या घरातलं सगळ्यात जास्त वेळा फेकून दिलं जाणारं उपकरण बहुधा टॉर्चच असतं.

तर मोठा सेल बंद होईल का? माझा अंदाज असा: दहा-पंधरा वर्षांत तो बॅटरीतून जवळजवळ गेलेला असेल, गिझरमध्ये असेल, आणि सीच्या सेलसारखा विचारून मागवावा लागेल. कारखान्याआधी त्याला फळीवरून दुकानदार काढेल. महिन्याला दोन जोड्या खपणाऱ्या मालात कोण पैसे अडकवणार? एस्प्लनेडच्या फुटपाथवर मी जे पाहिलं ते तेच. मला त्याचं दुःख थोडंच आहे. मात्र त्याच्या जागी दुसरी सगळ्यांची जागा आली नाही, नुसत्या चिकटवलेल्या पेट्या आल्या, तर ते दुःख थोडं असणार नाही.

एस्प्लनेडजवळच्या चाँदनी बाजाराच्या गल्लीत, तारांची वेटोळी आणि चोक विकणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे शेवटी दोन सेल निघाले. खणातून काढून त्याने ते एका छोट्या बल्बला लावून दाखवले. तिसरा नव्हता. मी अण्णांचा नमुना त्याच्यासमोर ठेवला, त्याने तो तोलून पाहिला आणि हसून परत दिला. तिसरा दोन दुकानं सोडून मिळाला, वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या रंगाचा. घरी आल्यावर अण्णांनी तिन्ही खाली-वर करून पाहिले, वेगळा होता तो "हा मधे घालतो" म्हणून मधे घातला. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मागचं झाकण फिरवलं. गॅलरीत जाऊन त्यांनी बटण पुढे सरकवलं. समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर वाळत घातलेला गमछा लख्ख उजळला, वरून कुणीतरी "के रे?" म्हणून ओरडलं, आणि अण्णा घाईघाईने आत आले.